घरचं आर्केड मशीन सुरूच होत नाही? बोर्ड बदलण्याआधी या क्रमाने तपासा

घरातलं आर्केड मशीन बंद पडलं की आपल्याकडे, जळगाव असो वा धुळे-नंदुरबार, एक ठरलेला कार्यक्रम होतो. आधी कॅबिनेटला दोन थापा बसतात. मग मागची फळी काढून दिसेल ती वायर हलवली जाते. त्यानंतर मेमरी कार्ड काढून कुणीतरी फॉरमॅट करतं, आणि शेवटी गोलाणी मार्केटमधून नवा बोर्ड येतो. नवा बोर्ड लावूनही स्क्रीन काळीच, कारण बिघाड पन्नास पैशांच्या सैल लगमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या चिमटीत, होता. तोवर सेव्ह केलेले गेम गेले, पैसे गेले, आणि मूळ दोष कुठे होता याचा मागही उरला नाही.

हा क्रम पूर्ण उलटा हवा. भिंतीतल्या सॉकेटपासून निघायचं आणि एकेक टप्पा मोजत बोर्डापर्यंत यायचं. कार्डाला आणि बोर्डाला हात सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि आठ दिवसांनी तेच दुखणं परत येतं.

घरगुती कॅबिनेटमध्ये साधारण तीन प्रकारची आतडी सापडतात. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’), जॅमा हार्नेसवर, म्हणजे आर्केडच्या ठरलेल्या वायरिंगच्या जुडग्यावर, चालणारा मल्टीगेम बोर्ड, किंवा ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप. पहिले सहा टप्पे तिघांनाही सारखेच. सातव्यात वाटा फुटतात.

## तयारी

हे जवळ घेऊनच बसा:

- डिजिटल मल्टीमीटर. स्वस्तातला चालेल, पण प्रोबची टोकं टोकदार असू द्या.
- चांगला टॉर्च, प्लस-मायनस स्क्रूड्रायव्हर, वायर स्ट्रिपर, इन्सुलेशन टेप
- मऊ ब्रश, खोडरबर, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- यूएसबी व्होल्टमीटर, म्हणजे पोर्टमध्ये खोचला की व्होल्ट दाखवणारी छोटी डबी. मशीन पाय बोर्डचं असेल तर ही घ्याच.
- एक रिकामं, चांगलं मेमरी कार्ड
- वही आणि पेन. प्रत्येक रीडिंग लिहा. संध्याकाळपर्यंत आकडे लक्षात राहत नाहीत.

फळी उघडली की काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. लांबून एक, आणि प्रत्येक कनेक्टरचा जवळून एक. वायरचा रंग आणि ती कुठल्या स्क्रूला आहे हे फोटोत वाचता आलं पाहिजे. सुताराने केलेल्या कॅबिनेटमध्ये लाल वायर पाच व्होल्टचीच असेल असं धरून चालू नका. घरात जी वायर उरली होती तीच लावलेली असते.

सावधान. प्लग काढल्यावरही एसएमपीएसच्या (भिंतीतल्या एसीपासून ५ आणि १२ व्होल्ट डीसी बनवणाऱ्या डब्याच्या) आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर डीसी साठून राहू शकतं. एसएमपीएसची जाळी उघडायची नाही. काचेची जुनी पिक्चर ट्यूब असेल तर आणखी जपा. तिच्या रबरी टोपीखाली २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो टिकतो. ट्यूब, तिची मान आणि तिला हा दाब पुरवणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर यांच्याजवळ हात नेऊ नका. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचं.

मल्टीमीटरची लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, तेही बघा. तशी ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटरच शॉर्टचं काम करतो.

## टप्पा १: ‘चालू होत नाही’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

कुणाला विचारलं ‘काय व्हयनं रे भो?’, तर उत्तर एकच येतं, ‘चालूच होत नाही.’ एवढ्यावर काही करता येत नाही. खोलीत अंधार करा, स्विच टाका आणि मिनिटभर नुसतं बघा, ऐका. चारपैकी एक चित्र दिसेल.

पूर्ण मेलेलं. मार्कीची, म्हणजे वरच्या नावाच्या पाटीची, लाइट नाही, पंखा नाही, एकही एलईडी नाही. बिघाड भिंत, कॉर्ड, फ्यूज, मुख्य स्विच किंवा एसएमपीएसमध्ये. टप्पा २ पासून सुरू करा.

टिक-टिक करणारं. एसएमपीएसचा दिवा लुकलुकतो, पंखा झटका घेऊन थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो. कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा लोड झेपत नाही. टप्पा ४ हा तुमचा मुख्य टप्पा. २ आणि ३ भराभर उरका, पण गाळू नका.

दिवे आहेत, चित्र नाही. इथेच लोक बोर्डाला दोष देतात. टप्पा ५ आणि ६ झाल्याशिवाय तसं म्हणू नका.

चित्र येतं पण अडकतं, किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं. पाच व्होल्टची लाइन, कार्ड किंवा उष्णता. टप्पा ५, ७, ८.

आवाजाकडेही लक्ष द्या. स्क्रीन काळी असूनही बटण दाबल्यावर गेमचा आवाज येत असेल, तर मशीन बूट झालेलं आहे. अडचण फक्त स्क्रीनची. थेट टप्पा ६.

## टप्पा २: भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत

सगळ्यात जास्त फसवतो तो निऑन टेस्टर. टेस्टर पेटला म्हणजे सप्लाय आहे, हा समज चुकीचा. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेला असेल तरी तो छान पेटतो आणि मशीन मात्र मेलेलंच राहतं. एक्स्टेंशन बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू सैल असणं ही अगदी नेहमीची गोष्ट. म्हणून मीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवून फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजा. २३० च्या जवळपास यायला हवं.

मोजायचं ते ज्या वेळी मशीन चालू होत नाही त्याच वेळी. दुपारी चालतं, संध्याकाळी नाही, अशी तक्रार असेल तर संध्याकाळी मोजा. मे महिन्यात घरोघरी कूलर आणि एसी लागतात. रावेर-यावलकडच्या गावात शेतीपंप सुरू झाले की घरातला पंखा मंदावतो, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. २३०/११५ व्होल्टचा निवड-स्विच असलेले बरेच एसएमपीएस १८० च्या खाली नीट सुरू होत नाहीत. चालू असलेलं मशीन तग धरतं, पण बंद करून पुन्हा लावलं की उठत नाही. अशा घरात १०० ते २४० व्होल्ट असं छापलेला एसएमपीएस लावणं हा सरळ उपाय.

आता प्लग काढा आणि कॅबिनेटच्या मागचं सॉकेट बघा. त्यात फ्यूजचा छोटा खण असतो. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका, बाहेर काढून मीटरच्या बीपवर तपासा. काच स्वच्छ आणि आतली तार एका जागी तुटलेली असेल तर तार थकली होती किंवा लोड थोडा जास्त झाला. काच काळी-चंदेरी झालेली असेल तर पुढे जोरदार शॉर्ट आहे. दुसरा फ्यूज टाकून उपयोग नाही, तोही जाईल. कॉर्ड भिंतीतून काढलेली ठेवून एसएमपीएसच्या एसी टर्मिनलपाशी टॉर्च मारा. तिथे मेलेली पाल किंवा उंदराने कुरतडलेली वायर सापडली तर नवल नाही.

सावधान. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नका. प्लायवूडच्या बंद पेटीत ती तार तापली, तर पेटी पेटेल.

रॉकर स्विच, म्हणजे कॅबिनेटचा मुख्य स्विच, प्लग काढूनच कंटिन्युइटीवर तपासा. दाबल्यावर बीप, सोडल्यावर शांत. स्विच आतून जळून अर्धवट चिकटला असेल तर कधी बीप येईल, कधी नाही. तसा स्विच बदला, साफ करत बसू नका.

अर्थिंगही याच टप्प्यात. दोन पिनी प्लगवर चालणाऱ्या कॅबिनेटच्या लोखंडी कंट्रोल पॅनलला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणारा तो दाब असतो. अशा मशीनमध्ये सप्लाय चालू ठेवून एचडीएमआय केबल काढली-घातली तर पोर्ट जाऊ शकतो. तीन पिनी कॉर्ड लावा आणि भिंतीतली अर्थिंग खरी आहे का, ते वायरमनकडून बघून घ्या.

## टप्पा ३: एसएमपीएस

आधी २३०/११५ चा लाल सरकता स्विच. नवीन आणलेला एसएमपीएस कधी कधी ११५ वर ठेवलेला येतो. तो तसाच २३० ला लावला की धडाम. बदली सुटा भाग लावताना हे प्लग घालण्याआधी बघायचं.

मग डीसी बाजू. काळी प्रोब ग्राउंडच्या, म्हणजे डीसीच्या उणे बाजूच्या, स्क्रूवर, लाल आधी +५ वर, मग +१२ वर. पाचच्या जागी ४.९ ते ५.१५, बाराच्या जागी ११.५ ते १२.५ मिळालं की पुढे जा. वहीत लिहा. पुढच्या टप्प्यात हाच आकडा लागणार आहे.

एसी टर्मिनलवर २३० पोचतंय, लोडच्या सगळ्या वायर सुट्या केल्या आहेत, तरी पाच व्होल्ट शून्य, तर एसएमपीएस गेला. घरी दुरुस्त करू नका, बदला. एक अपवाद संगणकाच्या एसएमपीएसचा. तो मदरबोर्डने सांगितल्याशिवाय सुरू होतच नाही. प्लग काढलेला असताना २४ पिनी कनेक्टरची हिरवी वायर शेजारच्या काळीला छोट्या तारेने जोडा आणि मग सप्लाय द्या. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे.

एसएमपीएसवर ‘एडीजे’ लिहिलेला, व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो. त्याला अजून हात लावू नका. यूट्यूब बघून लोक पहिल्यांदा तोच फिरवतात.

## टप्पा ४: लोड एकेक करून सुटे करा

टिक-टिक करणाऱ्या मशीनसाठी हाच टप्पा. एसएमपीएसला पुढे शॉर्ट दिसला की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, क्षणभराने पुन्हा प्रयत्न करतो, परत बंद होतो. लोकांना वाटतं एसएमपीएस बिघडला. तो आपलं काम चोख करत असतो.

प्रत्येक वेळी आधी प्लग काढा, मग वायर सोडा, मग पुन्हा लावून बघा. क्रम असा:

१. बटणांच्या एलईडीची लाइन
२. कॉइन अॅक्सेप्टर, असेल तर
३. मार्कीची एलईडी पट्टी
४. पंखा
५. स्पीकरचा अॅम्प्लिफायर
६. सगळ्यात शेवटी गेम बोर्ड

एलईडी बटणं पहिल्या क्रमांकावर ठेवण्याला कारण आहे. कंट्रोल पॅनल उघड-बंद करताना त्याच्या बारीक वायर फळी आणि चौकटीच्या मध्ये चेपतात. इन्सुलेशन चिरडतं, तांबं लोखंडी पट्टीला टेकतं आणि अख्खं मशीन बसतं. दिव्यांच्या बटणांचं मशीन ‘काल पॅनल साफ केलं आणि आज बंद’ झालं असेल, तर हे जवळपास हमखास.

एखादी लाइन सोडल्यावर टिक-टिक थांबली की दोष त्या शाखेत. ती पुन्हा जोडा. दोष परत आला पाहिजे. आला नाही, तर वायर हलल्यामुळे शॉर्ट तात्पुरता सुटला आहे; वायर बोटाने चाचपत चेपलेली जागा शोधा. ही उलटतपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि मशीन फळी लावताच पुन्हा बंद पडतं.

सगळं सोडलं, फक्त गेम बोर्ड राहिला आणि तरी टिक-टिक, तर बोर्डही सोडा. बोर्डाच्या पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ओहम मोजा. एक-दोन ओहमच्या खाली रीडिंग अडकून राहिलं तर बोर्डावर शॉर्ट आहे. आता बोर्डाला दोष द्यायला हरकत नाही.

तपासा. पाय बोर्डच्या मशीनमध्ये यूएसबीत लावलेले जॉयस्टिक एन्कोडर (जॉयस्टिक-बटणं यूएसबीला जोडणारी पट्टी), पेनड्राइव्ह, डोंगल सगळे काढून एकदा बूट करा. त्यातला एखादा शॉर्ट असेल तर पाच व्होल्टची लाइन तोच खाली ओढतो.

## टप्पा ५: पाच व्होल्ट बोर्डाच्या टोकाशी मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

एसएमपीएसपाशी ५.१ आले म्हणजे बोर्डाला ५.१ मिळतात, असं नाही. ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचतंय का, हे मोटरीपाशी उभं राहून कळत नाही. त्यासाठी सरीच्या टोकाला जावं लागतं. इथेही तेच. बोर्ड जोडलेला, मशीन चालू, आणि मोजायचं ते बोर्डाच्या बाजूला. बोर्ड काढून मोकळ्या कनेक्टरवर मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही, कारण करंट वाहत नसेल तर वायरमध्ये व्होल्टेज पडतच नाही.

हिशेब करून बघा. ०.२ चौरस मिमीची बारीक वायर, म्हणजे एलईडीच्या पट्टीला असते तशी, दीड मीटर लांब. जाण्याची आणि परतीची मिळून तीन मीटर. तिचा रोध साधारण पाव ओहम. बोर्डाने दोन अँपिअर ओढले की अर्धा व्होल्ट वायरमध्येच गेला. ५.१ चे ४.६ झाले. रास्पबेरी पाय ४.६३ च्या खाली गेला की व्होल्टेज कमी असल्याची खूण देतो, म्हणजे कोपऱ्यात पिवळी वीज दिसते, लाल दिवा लुकलुकतो, आणि बूट अर्ध्यावर अडकतं. तीच वायर ०.७५ चौरस मिमीची केली तर नुकसान दीड दशांश व्होल्टच्या आसपास राहतं. बोर्ड तोच, एसएमपीएस तोच, आणि मशीन चालू.

पाय बोर्डवर यूएसबी व्होल्टमीटर त्याच्याच पोर्टमध्ये लावून आकडा बघा. जीपीआयओच्या, म्हणजे बोर्डावरच्या उघड्या, पिनांवर प्रोब टेकवायचा मोह टाळा. पाच व्होल्टची पिन आणि ३.३ व्होल्टची पिन शेजारी आहेत. प्रोब घसरली की बोर्ड संपला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा सप्लाय लागतो, पाय ३ ला अडीच अँपिअरचा. मोबाइलचा चार्जर आणि टपरीवरची केबल यावर भागवू नका. फास्ट चार्जरवर मोठे आकडे छापलेले असतात, पण ते बऱ्याचदा ९ किंवा १२ व्होल्टवरचे असतात. पाच व्होल्टच्या ओळीपुढे किती अँपिअर लिहिलंय ते वाचा.

जॅमा बोर्डवर कनेक्टर बोर्डाला लावलेला ठेवून भागांच्या बाजूच्या (चिप वगैरे बसवलेल्या बाजूच्या) पिन १-२, म्हणजे ग्राउंड, आणि ३-४, म्हणजे पाच व्होल्ट, यांच्यात मोजा. प्रोब जपून टेकवा. ४.९ ते ५.१ हवेत.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. एसएमपीएसपाशी ५.१ आणि बोर्डापाशी ४.६ असतील तर दोष मधल्या वाटेत आहे. तुटत आलेला क्रिम्प (दाबून बसवलेला जोड), काळा पडलेला लग, सैल स्क्रू, बारीक वायर यांपैकी काहीतरी. ती वाट दुरुस्त करा. इथे ‘एडीजे’ फिरवून व्होल्टेज चढवायचं नाही. सैल लग उद्या आपोआप घट्ट बसला तर बोर्डाला साडेपाच व्होल्ट मिळतील. तो स्क्रू फिरवायचा फक्त एकाच परिस्थितीत. दोन्ही ठिकाणी आकडा जवळपास सारखा आणि दोन्ही ठिकाणी थोडा कमी असेल, तेव्हा. बोर्ड चालू ठेवून, मीटर बोर्डापाशी धरून, अगदी किंचित.

ग्राउंडची वायरही तपासा. तिच्यातही तेवढंच व्होल्टेज पडतं, पण सगळे फक्त लाल वायर बदलतात.

## टप्पा ६: स्क्रीन

लाइट गेली आणि आली की बरेच एलसीडी मॉनिटर स्टँडबायमध्येच थांबतात. कॅबिनेटमध्ये मॉनिटरचं बटण फळीमागे गेलेलं असतं, त्यामुळे मशीन बूट होऊनही स्क्रीन काळी. मागून हात घालून बटण दाबा. मग इनपुट एचडीएमआयवर आहे का, ते बघा.

तरी अंधार असेल तर स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट गेली आहे, बोर्ड निर्दोष.

पाय ४ ला दोन छोटे एचडीएमआय पोर्ट असतात. पॉवरच्या भोकाजवळचा वापरा. आधी मॉनिटर चालू करा, नंतर पाय. उलट केलं तर काही वेळा पाय बोर्डला स्क्रीन सापडत नाही आणि तो चित्र देतच नाही.

जॅमा मल्टीगेम बोर्डवर सीजीए आणि व्हीजीए निवडायचा छोटा स्विच किंवा जंपर असतो. जुनी ट्यूब १५ किलोहर्ट्झवर चालते, व्हीजीए मॉनिटर ३१ वर. चुकीच्या जागी असेल तर ट्यूबवर फाटलेल्या रेषा येतात आणि मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’. बोर्ड साफ करताना हा स्विच नकळत सरकतो.

## टप्पा ७: आता बोर्ड आणि कार्ड

इथपर्यंत सगळे आकडे बरोबर आले असतील तरच पुढे.

### रास्पबेरी पाय

लाल दिवा पॉवरचा, हिरवा कार्ड वाचण्याचा. लाल स्थिर आणि हिरवा एकदाही हलला नाही, तर कार्ड वाचलंच जात नाही. हिरवा ठरावीक लयीत लुकलुकत असेल तर मोजा. चार छोटे झपके म्हणजे सुरुवातीची फाइल सापडत नाही, सात म्हणजे कर्नल, म्हणजे सिस्टमची गाभ्याची फाइल, सापडत नाही. दोन्ही कार्डाचे दोष. आठ म्हणजे बोर्डाच्या मेमरीचा दोष, कार्ड बदलून फायदा नाही. स्क्रीनवर इंद्रधनुषी चौकोन येऊन तिथेच थांबलं, तर बोर्ड जिवंत आहे आणि कर्नल लोड होत नाही.

आता ते रिकामं, चांगलं कार्ड काढा. त्यावर रास्पबेरी पाय इमेजरने साधी मूळ सिस्टम टाका आणि लावा. बूट झालं, तर बोर्ड निर्दोष, दोष जुन्या कार्डात.

जुनं कार्ड संगणकात लावल्यावर विंडोज म्हणेल, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ नाही म्हणा. त्या कार्डाचा दुसरा भाग विंडोजला वाचता येत नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं. तुमचे गेम आणि सेव्ह त्याच भागात आहेत. आधी पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, संगणकावर उतरवून ठेवा, मग काय ते प्रयोग करा.

दुसऱ्याच्या मशीनमधलं कार्ड आणून लावण्याची पद्धत आपल्याकडे फार. पाय ४ आला २०१९ च्या जूनमध्ये. त्याआधी पाय ३ साठी बनवलेली इमेज त्यावर बूट होत नाही. पाय ४ ची जुनी इमेज पाय ५ वर चालत नाही. दोन्ही वस्तू चांगल्या आणि मशीन बंद, असा घोळ होतो. बनावट कार्डांचाही एक वेगळा त्रास. वर १२८ जीबी लिहिलेलं असतं आणि आत जागा त्याच्या पावभर. अर्ध्यापर्यंत गेम भरले तोवर ठीक, पुढे सगळं गचकतं. नवीन कार्ड आणलं की आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा प्रोग्रॅम चालवून खरी जागा बघा.

### जॅमा बोर्ड

प्लग काढा, कनेक्टर ओढून काढा. बोर्डाच्या सोनेरी पट्ट्या काळपट असतील तर खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग अल्कोहोल लावून पुसा. पॉलिश पेपर नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. कार्ड असलेला मल्टीगेम बोर्ड असेल तर त्याचं कार्ड काढून पुन्हा बसवा.

सावधान. कनेक्टर उलटा बसला तर बोर्ड जागीच जळू शकतो. ५६ पिनांत सातव्या जागेवर खूण, म्हणजे ‘की’ असते. बऱ्याच हार्नेसमध्ये ती पट्टी पडून गेलेली असते. भागांची बाजू आणि सोल्डरची बाजू तुमच्या फोटोशी ताडून बघा, मगच दाबा.

कुणाकडे कॅपकॉमचा अस्सल जुना बोर्ड असेल, म्हणजे आपण ज्याला ‘मुस्तफा’ म्हणत आलो त्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ गेमचा मूळ बोर्ड किंवा कॅपकॉमचाच सीपीएस-२ बोर्ड, तर त्यात एक बॅटरी असते. ती संपली की गेम उलगडण्यासाठी आत साठवलेल्या सांकेतिक चाव्या पुसल्या जातात आणि बोर्ड चालत नाही. नुसती नवी बॅटरी घालून तो परत येत नाही. जाणकाराकडे द्या. पार्लरमधून आलेले आपल्याकडचे बरेच बोर्ड नकली होते, त्यांना ही भानगड नाही.

### जुना डेस्कटॉप

सगळ्यात मजेशीर दोष इथे सापडतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की सेटिंग पुसलं जातं. मशीन सुरू होताना ‘एफ-१ दाबा’ म्हणून थांबतं, आणि कॅबिनेटला कीबोर्डच नसतो! स्क्रीनवर एक ओळ, पुढे काही नाही. सेल तीन व्होल्टचा असतो. पावणेतीनच्या खाली गेला असेल तर बदला. कीबोर्ड लावून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा आणि कीबोर्ड नसला तरी थांबू नकोस असं सेटिंग करून टाका. लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंगही तिथेच असतं.

गेम भरायला लावलेला पेनड्राइव्ह मागे तसाच राहिला असेल तर काढा. बायोस त्याच्यावरून बूट व्हायला जातं आणि ‘ऑपरेटिंग सिस्टम सापडली नाही’ म्हणतं. रॅम काढून पट्टी खोडरबराने पुसून पुन्हा बसवा, टक्क आवाज येईपर्यंत.

## टप्पा ८: ऊन, धूळ आणि कूलर

सकाळी चालतं, दुपारी नाही. हे लक्षण असेल तर आधी काही बदलू नका. जळगाव-भुसावळचा मे म्हणजे बाहेर ४५ अंश, बंद प्लायवूडच्या पेटीत त्याहून जास्त. पाय बोर्डचा चिप ८० अंशांपुढे स्वतःचा वेग कमी करतो. एसएमपीएसमधले कपॅसिटर वर्षानुवर्षं अशा उन्हात सुकतात, आणि सुकलेला कपॅसिटर सुरुवातीचा झटका देऊ शकत नाही.

कसं ओळखायचं? मागची फळी रात्रभर उघडी ठेवा, पहाटे सुरू करा. झालं, आणि दुपारी फळी लावून पुन्हा नाही झालं, तर गुन्हेगार उष्णता. पंख्यावरची धूळ आणि कापसाचा तंतू ब्रशने काढा. पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवा मारा. खाली हवा आत यायला आणि वर बाहेर जायला भोकं हवीत. मागे एकच पंखा आणि बाकी सगळं बंद असेल तर तो आतलीच गरम हवा घोळवत बसतो.

कूलरचं मात्र उलटं. ‘थंड राहील’ म्हणून मशीन कूलरच्या झोतात ठेवतात. बोअरच्या जड पाण्याची ओल आणि क्षार त्या हवेबरोबर आत जातात, कनेक्टरवर पांढरा-हिरवा गंज चढतो, आणि उन्हाळा संपता संपता टप्पा ५ मधला व्होल्टेजचा घोटाळा सुरू होतो. मशीन झोतातून बाजूला घ्या.

## टप्पा ९: परत बसवताना

मशीन चालू झालं की लगेच फळी ठोकू नका. फळी उघडी ठेवून तासभर एखादा जड गेम चालवा आणि बोर्डाच्या टोकाचे पाच व्होल्ट पुन्हा मोजा. मग सगळे लग एकेक करून हलके ओढून बघा, वायर टायने बांधा, कंट्रोल पॅनल बंद करताना टॉर्चने कडेला बघा. फळी लावल्यावर तीन वेळा बंद-चालू करा. प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट थांबा.

पाय आणि डेस्कटॉपच्या मशीनमध्ये भिंतीचं बटण बंद करून मशीन बंद करायची सवय मोडा. मेन्यूतून शटडाउन करा, पाय असेल तर हिरवा दिवा थांबू द्या, मग बटण. भारनियमनात लाइट जाते त्याला इलाज म्हणून संगणकाचा छोटा यूपीएस लावा. घरचा इन्व्हर्टर बदली होताना जो क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यातही पाय रीस्टार्ट होतो आणि त्याच वेळी कार्डावर लिहिणं चालू असेल तर फाइल खराब होते.

एवढं करूनही मशीन उठलं नाही तर मेकॅनिककडे नेताना वही सोबत घ्या. एसी किती, एसएमपीएसपाशी पाच किती, बोर्डापाशी किती, कुठली लाइन सोडल्यावर काय झालं, चांगल्या कार्डावर बूट झालं की नाही. हे आकडे समोर ठेवले की ‘बोर्ड गेलाय, बदलावा लागेल’ असं न तपासता सांगणं कुणालाही जड जातं.